पान लागलं की आधी भगतच का आठवतो?

पाऊस लागला, बिळांत पाणी शिरलं की साप कोरड्या जागेच्या शोधात घराच्या आसऱ्याला येतात. त्याच दिवसांत शेतात लावणी, निंदणी चालू असते. मग एखाद्या रात्री वाडीवर ओरड होते, "पान लागलं हो!" साप हा शब्द रात्री कुणी उच्चारत नाही. लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात, आणि ते चावलं तर पान लागलं म्हणतात. अशा वेळी गाडीच्या आधी भगताला नाहीतर देवऋषीला निरोप जातो.

लोक अडाणी म्हणून असं होतं, एवढं बोलून शहरातला माणूस मोकळा होतो. पण ज्या घरात पोरं शिकलेली आहेत, मोबाइलवर पैशांचे व्यवहार चालतात, तिथेही माणसाला आधी मारुतीच्या देवळात नेऊन बसवतात. कारण मंत्राने माणूस उठलेला गावाने डोळ्यांनी पाहिलेला असतो. आणि ते पाहणं खोटं नसतं. माणूस खरोखर उठतो. तो कशाने उठतो, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांच्या दातांत माणूस मारणारं विष नाही. विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. त्याला डॉक्टर कोरडा दंश म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतो, पण विषबाधा होते ती १८ ते २७ लाखांना. म्हणजे भगताच्या पुढ्यात येणाऱ्या दोघांपैकी साधारण एकाला काहीच होणार नसतं. त्याने मंत्र म्हटला काय आणि नुसता विडा खाल्ला काय.

कडुलिंबाच्या पाल्याची परीक्षा बघा. पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही किंवा उतरलं, गोड लागला तर अंगात विष आहे. पाला कडूच असतो, तो कडूच लागणार! घाबरून तोंडाला कोरड पडलेल्या माणसाला सुरुवातीला चव कळली नाही आणि तासाभराने कळली, तर "विष उतरलं" म्हणून सगळी वाडी सुटकेचा श्वास सोडते. दवाखान्यातही एक अशीच साधी परीक्षा आहे. थोडं रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष भिनल्याची ती खूण. हिच्यात रुग्ण नापास होऊ शकतो आणि तसं झालं तर पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं.

वाचलेला माणूस पुढची वीस वर्षं बाजारात, लग्नात, पारावर तीच गोष्ट सांगतो. जो गेला तो सांगायला येत नाही. त्याच्या घरचे म्हणतात, उशीर झाला, विटाळ झाला, नशिबात नव्हतं. मंत्र चुकला असं कुणीच म्हणत नाही. भगताच्या खात्यात फक्त जमाच होत राहते, खर्ची काही पडतच नाही.

शिवाय भीतीचा भाग आहेच. पायात काटा मोडला तर कुणी भगताकडे जात नाही, सुईने काढतो. मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर शंभर वर्षांपूर्वी हेच टिपलं होतं. तिथले कोळी किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मंत्राशिवाय मासे धरत, पण खोल समुद्रात निघताना मात्र विधी करत. जिथे आपल्या हातात काही नाही, तिथे मंत्र येतो. दवाखाना लांब, गाडी नाही, रात्रीची वेळ, आणि भगत हाकेच्या अंतरावर. तो पैशासाठी अडून बसत नाही, घरच्यांना धीर देतो. हे त्याचं काम खरं आहे, हेही मान्य करायला हवं.

घात होतो तो मण्यारीच्या बाबतीत. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, दाताची खूणही नीट दिसत नाही. काही तासांनी पोटात कळ, उलटी, मग पापण्या मिटायला लागतात, बोबडी वळते आणि शेवटी श्वास थांबतो. सुरुवातीचे हे शांत तासच मंत्राच्या नावावर जमा होतात.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा मुद्दा थेट आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड.

चावल्यावर माणसाला चालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. अंगठी, बांगडी, जोडवी सूज यायच्या आधी काढावी. करकचून बांधणं, ब्लेड मारणं, तोंडाने ओढणं नको. १०८ ला फोन करावा, गाडी मिळाली तर तिने निघावं, आणि सर्पदंशाची लस आहे का हे दवाखान्यात वाटेतूनच विचारावं. ही लस वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवायची गरज नाही. देवळात नारळ फोडायचा असेल तर तो रुग्ण घरी परतल्यावरही फोडता येतो.