रिमोटने बंद केले तरी मीटर चालूच



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी मोबाईलच्या चार्जरवरून वाद झाला. सूनबाई फोन काढून घेते आणि चार्जर तसाच भिंतीला लटकत राहतो, बटण चालू. मी येता-जाता ते बटण बंद करायचो आणि दर वेळी काहीतरी बोलायचो. आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे कुठे गळती दिसली की राहवत नाही. शेवटी नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही कधी मोजून पाहिलंय का?"

पाहिले नव्हते. मग हजार-बाराशे रुपयांचे एक छोटे मीटर मागवले. भिंतीच्या सॉकेटमध्ये मीटर लावायचे, मीटरमध्ये उपकरणाचा प्लग, की किती वॅट वीज जाते तो आकडा समोर दिसतो. पंधरा दिवस घरातल्या प्रत्येक वस्तूला ते लावून पाहिले आणि जुन्या सवयीने वहीत खतावणी केली. त्यातून जे निघाले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली नोंद चार्जरचीच. फोन न लावता नुसता लटकलेला चार्जर: मीटरवर कधी शून्य, कधी ०.१ वॅट. वर्षभर तसाच ठेवला तरी एक युनिटही होत नाही, म्हणजे सहा-सात रुपये. मी सूनबाईची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "बाबा, आता ते मीटर तुमच्या वूफरला लावा."

लावले. गाणी बंद, वूफर रिमोटने बंद, समोर लाल दिवा. मीटर म्हणाले ९ वॅट. मी तो वूफर दिवसातून जेमतेम तासभर ऐकतो. उरलेले तेवीस तास तो माझ्या खात्यातून हळूच वीज काढत होता, आणि मी भांडत होतो चार्जरशी.

इथे एक सोपा हिशेब सांगतो, तो लक्षात ठेवला तर बाकीचे आपोआप कळते. एक वॅट वीज वर्षभर अखंड गेली तर ८७६० तासांचे पावणेनऊ युनिट होतात. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट सातच्या आसपास पडते, म्हणजे एका वॅटचे वर्षाला साठ रुपये. आणि धूर किती? केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा हिशेब काढते. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे सतत चालू असलेला एक वॅट वर्षाला सहा किलो कार्बन हवेत सोडतो.

कुणी म्हणेल, आपल्या सुरतेला वीज येते ती काक्रापारच्या अणुभट्टीतून आणि उकाईच्या पाण्यातून, मग धूर कसला? पण उकाईलाच कोळशावरचे औष्णिक केंद्रही आहे, आणि २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचे ग्रिड जोडले गेल्यापासून सगळ्या देशाचे ग्रिड एकच आहे. आपल्या तारेत आलेली वीज कोणत्या केंद्राची, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय टीव्ही आणि एसी आपण लावतो ते दिवस मावळल्यावर, जेव्हा सौर वीज नसते आणि भार मुख्यतः कोळशावर येतो. ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांनाही हे लागू आहे. दिवसा वाचवलेले युनिट नेट मीटरमधून ग्रिडमध्ये जाते आणि दुसऱ्या कुणाचा तरी कोळसा वाचवते.

आता मोठा चोर. आमचा सेट-टॉप बॉक्स कार्यक्रम चालू असताना ११ वॅट घेतो, आणि रिमोटने बंद केल्यावर १०. मला वाटले मीटर बिघडले. पुन्हा मोजले, तेच. आमच्या घरी टीव्ही दिवसाला सहा तास चालतो (सौ.च्या मालिका, माझ्या बातम्या). उरलेले अठरा तास बॉक्स दहा वॅटने जागाच. वर्षाला ६५ युनिट कुणीही काहीही पाहत नसताना. शेजारी ठेवलेला त्रेचाळीस इंची टीव्ही मात्र बंद केल्यावर अर्धा वॅटसुद्धा घेत नाही. दोन्हींचे लाल दिवे दिसायला सारखेच!

असे का होते ते नातवाने आणि थोडे वाचनाने समजले. रिमोटने बंद केला की बॉक्स फक्त चित्र पाठवणे थांबवतो. आतला ट्यूनर आणि प्रोसेसर चालूच राहतात, कारण कंपनीकडून येणारे संदेश, कोणती वाहिनी दाखवायची त्याची परवानगी, नवे सॉफ्टवेअर, हे सगळे त्याला कधीही घ्यायचे असते. बॉक्स बनवणाऱ्याला त्यात वीज वाचवायची गरज वाटत नाही, कारण बिल तो भरत नाही. अमेरिकेत २०११ साली याचा अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या सेट-टॉप बॉक्सनी वर्षाला सुमारे २७०० कोटी युनिट वीज खाल्ली असे निघाले, आणि त्यातली दोन-तृतीयांश कुणी पाहत नसताना.

टीव्ही सुधारला त्यामागे मात्र इतिहास आहे. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने असा प्रस्ताव मांडला की बंद उपकरणाने एका वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. युरोपने त्याचा कायदाच केला, २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट. कारखाने जगासाठी एकच सुटे भाग बनवतात, त्यामुळे त्याचा लाभ आपल्या दिवाणखान्यापर्यंत पोचला. चार्जरचेही तेच. जुन्या जड, गरम होणाऱ्या चार्जरमध्ये तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर असे, आता हलके इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. चार्जर बंद करा हा उपदेश वीस वर्षांपूर्वी बरोबर होता. मी तोच आजवर चालवत होतो.

जुना ट्रान्सफॉर्मर अजून एका ठिकाणी आहे, एसीच्या स्टॅबिलायझरमध्ये. एसी बंद असला तरी स्टॅबिलायझर आपला ८ वॅट घेत उबदार बसलेला असतो. आमचा एसी वर्षातले चारेक महिने लागतो. उरलेल्या आठ महिन्यांत हा काही काम न करता ४५ युनिट खातो. आणि मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरचा यूपीएस, ज्याची बॅटरी दोन मिनिटेही टिकत नाही, तो १२ वॅट, रात्रंदिवस. मायक्रोवेव्हचे घड्याळ २ वॅट, जे आम्ही कधी पाहत नाही आणि जे बहुतेक वेळा चुकीचे असते.

बॉक्स, वूफर, स्टॅबिलायझर, यूपीएस आणि ते घड्याळ, सगळ्यांची बेरीज वर्षाला ३०० युनिटांच्या आसपास भरली. २१०० रुपये आणि २१० किलो कार्बन. बँकेत निष्क्रिय खात्यांची यादी दरवर्षी काढावी लागायची. घरातली यादी काढायला मला साठी उलटावी लागली.

मीटर नसेल तर हात लावून पाहा. बंद करून दोन तास झाले तरी वस्तू कोमट लागत असेल तर ती वीज घेते आहे. आम्ही टीव्हीच्या मागे बटणाची एक पट्टी लावली. रात्री झोपताना एक बटण दाबले की बॉक्स आणि वूफर दोन्ही बंद. सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन मिनिटे लागतात. सौ.ची पहिल्या आठवड्यात कुरकूर झाली, आता चहा ठेवून येईपर्यंत बॉक्स तयार असतो. जे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतात त्यांना हे जमणार नाही, हेही खरे. राउटर ७ वॅट घेतो, पण घरी काम करणारा मुलगा आणि सोसायटीचा कॅमेरा त्यावर आहे, म्हणून त्याला हात लावलेला नाही. फ्रिजचा स्टॅबिलायझर आणि कुणाच्या घरी ऑक्सिजनचे वगैरे यंत्र असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

टीव्हीबद्दल दोन गोष्टी. नवा टीव्ही दुकानात चमकावा म्हणून 'व्हिव्हिड' चित्रावर ठेवलेला असतो. आमचा त्यावर ६५ वॅट घेत होता, साध्या चित्रावर आणला तर ४८. सौ.ला फरक कळला नाही, मी सांगितलाही नाही. आणि सेटिंगमध्ये 'क्विक स्टार्ट' असेल तर बंद करा. पाच सेकंद वाचवण्यासाठी टीव्ही रात्रभर अर्धा जागा राहतो.

प्रामाणिकपणे सांगायचे तर ही सगळी चिल्लर आहे. सुरतेच्या एका लूमच्या कारखान्यापुढे आमचा सेट-टॉप बॉक्स कुठेच बसत नाही, आणि घरातही खरी रक्कम पंखा आणि एसीत आहे. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एकाच पंख्यामागे २०० युनिट वाचतात. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने, त्यातही गिरीश संत यांनी, असे कमी विजेचे पंखे स्वस्तात मिळावेत म्हणून फार आधीपासून पाठपुरावा केला. २०२३ च्या जानेवारीपासून पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाले. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले तर साधारण सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. आमच्याकडे २२ चे २५ झाले, तेही पंखा लावून.

आता फोन आणि लॅपटॉप, कारण इथे हिशेब उलटा आहे. रोज एकदा पूर्ण चार्ज होणारा फोन वर्षाला आठ-नऊ युनिट घेतो, म्हणजे सहा-सात किलो कार्बन. पण तो फोन तयार होतानाच, खाणीपासून चिपच्या कारखान्यापर्यंत, साठ-सत्तर किलोपर्यंत कार्बन झालेला असतो. कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांत एकूण उत्सर्जनाचा ८० टक्क्यांच्या घरातला वाटा उत्पादनाचाच दाखवलेला असतो. लॅपटॉपचा तर दोनशे किलोच्या वर. म्हणून फोन कमी चार्ज करण्यात काही नाही, तो दोन वर्षांऐवजी चार-पाच वर्षे वापरण्यात सगळे आहे.

माझा लॅपटॉप आठ वर्षांचा. एका दुकानात दाखवला, तर त्याने उघडूनही न पाहता "काका, नवा घ्या" म्हटले. दुसऱ्या एका मुलाने जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि बॅटरी बदलली. हा लेख त्यावरच लिहितो आहे. ग्राहक मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे. आपल्या कंपनीचे सुटे भाग आणि सेवा केंद्र कुठे, ते त्यावर पाहता येते. अगदीच निकामी झालेली वस्तू भंगारवाल्याला देऊ नका. तारा जाळून तांबे काढतात, तो धूर आपल्याच वस्तीत राहतो. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा त्यांच्या संकलन केंद्रावर द्या.

२००६ च्या पुरात आमच्या भागात वीज नव्हती, तेव्हा घरात बंद पडण्यासारखे काय होते? टीव्ही, फ्रिज, पंखे, मिक्सर. परवा नातवाने मोजले, आता चालू असलेले सत्तावीस प्लग निघाले.

ते छोटे मीटर मी मंडळाच्या कार्यालयात ठेवले आहे. सभासदांनी रजिस्टरमध्ये नाव आणि तारीख लिहून आठ दिवसांसाठी न्यावे. परत करताना आपल्या घरातले सर्वांत मोठे तीन आकडे शेवटच्या रकान्यात लिहिलेत तर आवडेल. पहिल्या पानावर माझे आहेत, वूफरसकट.