लेकीला घाईनं घरी बोलावू नका!

लेक विलायतेत एम. एस्सी. करते आहे? मग मैत्रिणींनो, एवढं वाचाच. परीक्षा आटोपली की आपला पहिला निरोप जातो, "ये गं आता दिवाळीला!" आणि इथंच घात होतो.

शिक्षणानंतर नोकरी करू देणारा 'ग्रॅज्युएट' व्हिसा ब्रिटननं १ जुलै २०२१ पासून सुरू केला. त्याचा अर्ज तिथं राहूनच करावा लागतो, तोही विद्यार्थी-व्हिसाची मुदत संपण्याआधी. अभ्यासक्रम पुरा झाल्याचं विद्यापीठानं सरकारला कळवलं, की लगेच अर्ज करावा. पदवीदान समारंभासाठी थांबायला नको. मात्र निर्णय येण्याआधी मुलगी घरी आली, तर अर्ज मागे घेतला असं धरतात, बरं का!

मुदतीचंही ध्यानात ठेवा. अर्ज ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत केला तर २ वर्षं. त्यानंतर १८ महिनेच. पीएच. डी. वाल्यांना ३ वर्षं. ही मुदत वाढवून मिळत नाही. म्हणजे सप्टेंबर २०२६ मध्ये वर्षभराच्या अभ्यासक्रमाला जाणारीच्या वाट्याला १८ महिनेच. कर्जाचा हिशेब त्यावरच मांडा.

आणि दिवाळी? फराळाचा डबा खुशाल पाठवा. लेक निर्णय हाती आल्यावर येईल!