पाय वाचवणारे सर्जन

बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखू लागला की घरात पहिला प्रश्न येतो: कुठे पडलास? कुठेतरी तो पडलेला असतोच. मग तेल लावून चोळलं जातं, गावाकडे असेल तर हाडवैद्याकडून पट्टी बांधून आणली जाते. बहुतेकांचं दुखणं थांबतं. ज्याचं थांबत नाही, ज्याला ते रात्री झोपेतून उठवतं आणि ज्याच्या गुडघ्याच्या जरा वर घट्ट सूज हाताला लागते, त्याचा एक्स-रे निघेपर्यंत अनेकदा दोन-तीन महिने गेलेले असतात. त्या एक्स-रेत ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडातच उगम पावणारा कर्करोग असल्याची शंका आली, तर पुढचं काम ऑर्थोपेडिक ऑन्कोलॉजिस्टचं. असे सर्जन आपल्याकडे फार थोडे आहेत, आणि त्यांचं काम बाहेरून वाटतं त्याहून पुष्कळ वेगळं आहे.

थोडे असण्याचं एक कारण आजारच विरळ आहे. हाडात सुरू होणारे कर्करोग सगळ्या कर्करोगांत एक टक्काही नाहीत. जिल्ह्याच्या गावी रोज फ्रॅक्चर बघणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला आयुष्यभरात असे मोजकेच रुग्ण येतात. म्हणून हे शिकायचं तर जिथे रुग्ण गोळा होतात तिथेच जावं लागतं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झालं. तिथे हाडांच्या आणि स्नायूंच्या गाठींसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि देशभरातून मुलं तिथे येतात.

शिक्षणाचा हिशोब सरळ आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, एमएस ऑर्थोपेडिक्सची तीन वर्षं आणि त्यानंतर एक-दोन वर्षांची फेलोशिप. खरं अवघड आहे ते एक सवय मोडणं. अस्थिरोगशास्त्र शिकताना अंगी बाणतं ते असं, की हाड मोडलंय तर जोडा, लवकर जोडा. इथे ती घाई घातक ठरते. मांडीचं हाड गाठीमुळे मोडलेलं असताना ते साधं फ्रॅक्चर समजून आत रॉड घातला, तर रॉड हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि कर्करोगाच्या पेशी सोबत नेतो. वाचू शकला असता तो पाय मग कापावा लागतो. फेलोशिपमध्ये सर्वात आधी थांबायला शिकवतात.

थांबून काय करायचं, तर एक्स-रे वाचायचा. रुग्णाचं वय किती, कोणतं हाड, हाडाचा कोणता भाग, गाठीची कड स्वच्छ आहे की पुसट? ऑस्टिओसार्कोमा बहुधा वाढीच्या वयात, गुडघ्याच्या आसपास, हाडाची लांबी वाढते त्या भागाजवळ होतो. युइंग सार्कोमा पुष्कळदा हाडाच्या मधल्या दांड्यात असतो, सोबत ताप येतो, म्हणून तो जंतुसंसर्ग समजला जातो. वीस ते चाळीस वयात सांध्याला अगदी लागून पोकळी दिसली तर जायंट सेल ट्यूमर असू शकतो. तो सहसा कर्करोग नसतो, पण हाड खातो. त्याला खरवडून ती जागा बोन सिमेंटने भरली तर सांधा राखता येतो. नंतर एमआरआय, छातीचा सीटी, कारण हाडाचा कर्करोग पसरतो तो मुख्यतः फुप्फुसात.

यानंतर येते बायोप्सी. माझ्या मते या सर्जनची पारख इथेच होते. काम दिसायला किरकोळ: सुई घालून गाठीचा तुकडा काढायचा. पण सुई जिथून जाते तो सगळा मार्ग दूषित होतो, आणि मोठ्या ऑपरेशनच्या वेळी तो मार्ग त्वचेसकट काढून टाकावा लागतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी आपण चीर कुठे घेणार आहोत हे सुई टोचण्याआधी ठरलेलं हवं, आणि सुई त्याच रेषेवर हवी. सांध्यातून नको, मुख्य रक्तवाहिनी आणि नसेजवळून नको. उघडून तुकडा घ्यायचाच झाला तर चीर पायाच्या लांबीला समांतर घ्यायची. आडवी घेतली की पुढे ती सगळी जागा काढताना कातडीच पुरत नाही.

अमेरिकी सर्जन हेन्री मँकिन यांनी 1982 मध्ये अशा 329 रुग्णांच्या बायोप्सींचा अभ्यास मांडला. जवळपास 18 टक्क्यांत निदानाच्या मोठ्या चुका निघाल्या. 1996 मध्ये 597 रुग्णांवर तोच अभ्यास पुन्हा झाला आणि आकडा जवळजवळ तिथेच होता; 18 रुग्णांचा अवयव केवळ बायोप्सी चुकल्यामुळे विनाकारण कापावा लागला होता. जिथे उपचार होणार त्या केंद्राऐवजी आधीच्या ठिकाणी बायोप्सी केली असेल तर गडबडी कितीतरी पट जास्त होत्या. गावच्या डॉक्टरने शंका येताच सुईला हात न लावता रुग्ण पुढे पाठवला, तर त्या मुलाचा पाय वाचवण्यात त्याचा वाटा सर्जनइतकाच मोठा असतो.

रिपोर्ट आला की ट्यूमर बोर्ड बसतो: सर्जन, केमोथेरपीचे डॉक्टर, रेडिएशनचे, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट. ऑस्टिओसार्कोमात आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो हा क्रम ठरून गेला आहे. तो रूढ होण्यामागची गोष्ट मला फार आवडते. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये प्रत्येक रुग्णाच्या मापाचा धातूचा सांधा बनवून घ्यायला काही महिने लागत. तेवढा काळ रोग मोकळा सोडायचा नाही म्हणून जेराल्ड रोझेन आणि सहकारी केमो देऊ लागले. मग लक्षात आलं की काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर औषधाने काम केलं की नाही हे थेट कळतं. 90 टक्के किंवा जास्त पेशी मेलेल्या असतील तर प्रतिसाद चांगला, असं आजही मोजतात. केमो येण्याआधी पाय कापूनसुद्धा पाचात जेमतेम एक रुग्ण वाचत असे. आता रोग पसरलेला नसेल तर साठ-सत्तर टक्के पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात, आणि मोठ्या केंद्रांत बहुतेकांचा पायही राखला जातो.

ऑपरेशनचा क्रम एकच: आधी जीव, मग अवयव, मग त्या अवयवाचं काम. गाठ सर्जनला दिसताच कामा नये. रोप मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलावं तशी ती निरोगी स्नायूंच्या आवरणात गुंडाळलेलीच बाहेर यायला हवी. ते आवरण फाटलं तर रोग परत येण्याची भीती वाढते. रक्तवाहिनी आणि नस गाठीपासून मोकळी करण्यातच कधी कधी निम्मा वेळ जातो.

मग उरतं ते पंधरा-वीस सेंटिमीटरचं रिकामं अंतर. ते भरायला धातूचा मेगाप्रोस्थेसिस असतो. भारतात बनलेले सांधे उपलब्ध झाल्यामुळे तो पुष्कळांच्या आवाक्यात आला. दुसरा मार्ग रुग्णाचंच हाड परत वापरायचा. काढलेल्या हाडावरची गाठ साफ करतात, हाड निर्जंतुक वेष्टनात बांधून रेडिएशनच्या मशीनखाली नेतात, एकाच वेळी 50 ग्रे इतका मारा देतात आणि सगळ्या पेशी मेलेलं ते हाड परत आणून प्लेटने बसवतात. टाटामध्ये ही पद्धत वापरली जाते. हाड रुग्णाच्या नेमक्या मापाचं असतं आणि खर्च कमी. लहान मुलांसाठी रोटेशनप्लास्टीही आहे: गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय अर्धा फिरवून मांडीला जोडायचा, म्हणजे घोटा गुडघ्याचं काम करतो आणि मागे वळलेल्या पावलावर कृत्रिम पाय चढतो. मूल पळतं, खेळतं. पण ते उलटं पाऊल बघायला आईवडिलांचं मन तयार करावं लागतं, आणि तेही सर्जनलाच करावं लागतं.

आपल्याकडे घरच्यांचा हमखास प्रश्न असतो, मांडी घालून बसता येईल का? धातूच्या गुडघ्यावर उकिडवं बसणं टाळायला सांगतात. शेतात काम करणाऱ्यासाठी ही छोटी गोष्ट नाही, आणि कोणती पद्धत निवडायची हे ठरवताना ती धरावीच लागते. केमो महिनोन्‌महिने चालतो, तेवढे दिवस मुंबईत राहायचं कुठे, हेही धरावं लागतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळाला नाही तर कुटुंब उपचार अर्धवट सोडून गावी परततं, आणि मग सुंदर झालेल्या ऑपरेशनचा काही उपयोग राहत नाही.

धातू आत असला की जंतुसंसर्ग हा कायमचा शत्रू. बारा देशांतल्या 604 रुग्णांवर झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅरिटी चाचणीत ऑपरेशननंतर एक दिवस आणि पाच दिवस अँटिबायोटिक देऊन पाहिलं. वर्षभरात दोन्ही गटांत साधारण सहा-सात जणांत एकाला संसर्ग झालाच. पाच दिवसांच्या गटात औषधांचे दुष्परिणाम मात्र जास्त. अँटिबायोटिक जास्त दिवस देण्यासारखी मनापासून पटलेली सवयही तपासून बघायची ती अशी.

या सर्जनच्या कामाचा मोठा भाग मुलांचा नसतोच. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंडाचा कर्करोग हाडात पसरलेले मोठे रुग्णही त्यांच्याकडे येतात. तिथे रोग मुळापासून काढणं बहुधा हाती नसतं. माणसाला उरलेले दिवस वेदनेविना, स्वतःच्या पायांवर काढता यावेत एवढं बघायचं असतं. हाड मोडण्याचा धोका मोजणाऱ्या, 1989 मध्ये आलेल्या मिरेल्सच्या पद्धतीत जागा, वेदना, गाठीचा प्रकार आणि आकार यांना बारापैकी गुण देतात. नऊ किंवा जास्त आले तर हाड मोडायची वाट न पाहता आधीच आधार देतात.

ऑपरेशननंतर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षाला. दर वेळी पायासोबत छातीही बघायची. फुप्फुसात एखाद-दुसरी गाठ सापडली तर ती काढून अजूनही काहींना बरं करता येतं. धातूचे सांधे पुढे झिजतात, सैल होतात. पंधराव्या वर्षी ऑपरेशन झालेला मुलगा तिशीत सांधा बदलायला परत येतो, तोवर पहिला सर्जन कदाचित निवृत्त झालेला असतो. म्हणून किती सेंटिमीटर हाड काढलं, कोणत्या मापाचा सांधा बसवला, रक्तवाहिनी कुठे सरकवली, हे पुढच्या सर्जनला वाचता येईल असं फाइलमध्ये लिहून ठेवणं हेही याच कामात येतं.