रिपोर्ट नॉर्मल, धडधड कायम

ईसीजीच्या पट्टीवर हृदयाची साधारण दहा सेकंदं उमटतात. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं. धडधड नेमकी त्या दहा सेकंदांत झाली नाही, तर पट्टी स्वच्छ येणार, यात नवल काही नाही. नवल याचं वाटतं, की त्या पट्टीच्या जोरावर ‘तुम्हाला काहीही झालेलं नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं आणि वाक्य संपायच्या आत पुढच्या पेशंटला आत बोलावलंही जातं.

कोविडची लस घेतल्यानंतर ज्यांच्या छातीत धडधड सुरू झाली आणि थांबलीच नाही, त्यांच्या वाट्याला हे वाक्य जरा जास्तच आलं. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झालं. पुढे २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले. बहुतेकांचं दोन दिवस ताप, दंड दुखणं आणि अंग मोडून येणं एवढ्यावर भागलं. तापात नाडी वाढतेच, आणि ताप उतरला की तीही उतरते. काहींची मात्र उतरली नाही. अंथरुणातून उठलं की ठोके सव्वाशेच्या वर, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी, ओट्याशी उभं राहून चार पोळ्या लाटेपर्यंत हातपाय गळून जाणं. दवाखान्यात कुणी म्हणालं गॅस आहे, कुणी म्हणालं टेन्शन घेता तुम्ही. दुसरीकडे, ज्यांना मुळात लसच नको होती त्यांनी या लोकांच्या दुखण्याचे व्हिडिओ करून गावभर फिरवले. त्यामुळे ‘लस घेतल्यापासून’ एवढे दोन शब्द उच्चारले, तरी पेशंटचं पुढचं बोलणं ऐकायची डॉक्टरांची तयारी संपते. बरेच पेशंट मग ते दोन शब्द गिळूनच टाकतात आणि तपासणीची सुरुवातच अर्धवट माहितीवर होते.

यात दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतवल्यामुळे हा घोळ झाला आहे. हे लसीमुळे झालं का, हा एक. या माणसाला आत्ता काय होतंय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लाखो लोकांच्या नोंदी तपासून मिळतं. एका पेशंटकडे पाहून ते ना डॉक्टरला देता येतं, ना पेशंटला. दुसऱ्याचं उत्तर मात्र तपासणीच्या खोलीतच मिळू शकतं. पहिल्यावर हुज्जत घालण्यात दुसरा विचारायचाच राहून गेला, आणि त्याची किंमत पेशंट मोजताहेत.

पहिल्या प्रश्नाबद्दल जे पक्कं ठाऊक आहे, ते आधी सांगते. फायझर आणि मॉडर्ना यांच्या एमआरएनए लसींनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. तो मुख्यतः तरुण मुलग्यांत आणि बहुधा दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात दिसला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या लसींच्या माहितीपत्रकात तसा इशारा घातला. आपल्या मोहिमेत या दोन्ही लसी नव्हत्या. आपण घेतली ती मुख्यतः पुण्याच्या सीरममध्ये तयार झालेली कोविशील्ड, नाहीतर हैदराबादची कोव्हॅक्सिन. कोविशील्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेकाचीच लस. प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होणं हा तिचा मान्य झालेला, अतिशय दुर्मीळ धोका आहे. त्याचा या धडधडीशी संबंध नाही.

इंग्लंडमध्ये लस घेतलेल्या ३ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. ॲस्ट्राझेनेकाच्या पहिल्या डोसनंतरच्या २८ दिवसांत दहा लाख लोकांमागे मायोकार्डायटिसचे २ जादा पेशंट सापडले. कोविड झालेल्यांत ४०. हृदयाची लय बिघडण्याचा जादा धोका लसींपैकी फक्त मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दिसला. कोविडनंतर मात्र तो स्पष्ट होता. आपल्याकडे आयसीएमआरने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत लसीमुळे असा मृत्यू येण्याचा धोका वाढलेला आढळला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. लग्नाच्या वरातीत कुणी कोसळलं की ‘लसच नडली’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा वाचावा.

मग धडधडीची तक्रार सांगणारे सगळे खोटं बोलतात का? मुळीच नाही. इंग्लंडच्या त्या अभ्यासात मोजले गेले ते रुग्णालयात भरती झालेले किंवा दगावलेले. जी बाई भरती झाली नाही, घरीच भिंत धरून चालत राहिली, ती त्या आकड्यांत येणारच नव्हती. तिच्यासाठी वेगळीकडे पाहावं लागतं.

आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते पुन्हा वर यावं म्हणून स्वायत्त मज्जासंस्था रक्तवाहिन्या आवळते आणि ठोके जरासे वाढवते. आपल्याला पत्ताही लागत नाही. ही यंत्रणा बिघडली की रक्तवाहिन्या पुरेशा आवळल्या जात नाहीत आणि त्यांची कसर हृदय पळून भरून काढतं. या आजाराला ‘पॉट्स’ म्हणतात. उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढले, बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत ४०, बीपी मात्र फारसं उतरलं नाही आणि हा त्रास तीन महिने टिकला, तर तो पॉट्स. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं. म्हणजे कोविडच्या कितीतरी आधीपासून तो ठाऊक आहे. विषाणूजन्य ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण यानंतर तो सुरू होतो आणि त्याचे बहुतेक पेशंट तरुण स्त्रिया असतात.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाने लस घेतलेल्या २ लाख ८४ हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी मांडलं, की लसीनंतरच्या तीन महिन्यांत पॉट्ससारख्या निदानांत थोडी वाढ दिसते, आणि नव्याने पॉट्स होण्याचं प्रमाण लसीपेक्षा कोविडनंतर पाचपट आहे. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण तो दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो: लसीनंतर असं होत असावं, आणि लस टाळून कोविड ओढवून घेतला तर ते जास्त होतं. तिथे दिल्या गेलेल्या लसी प्रामुख्याने एमआरएनएच्या होत्या, त्यामुळे त्यातला आकडा उचलून कोविशील्डला चिकटवता येणार नाही. शिवाय २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे लस आणि दुसरी लाट एकदमच आली. डोसच्या आगेमागे नकळत कोविड होऊन गेलेले कितीतरी असतील. कुणाची धडधड कशाने सुरू झाली, हे आज नेमकं सांगणं अवघड आहे.

निदान करायला ते सांगावं लागतही नाही.

त्यासाठी लागतं काय, तर एक कॉट, बीपीचं मशीन, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, जो कोविडात घरोघरी आला आणि आता कपाटात पडून आहे. पेशंटला आधी दहा मिनिटं शांत झोपू द्यायचं. गप्पा नाहीत, मोबाइल नाही. नाडी आणि बीपी मोजून लिहायचं. मग उभं करायचं: टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ भिंतीला टेकलेली. समजा, झोपलेली असताना एका बाईची नाडी ७२ होती. पहिल्या मिनिटाला ९६ होते. तिसऱ्याला १०८. पावलं जांभळट दिसू लागतात. ती नकळत या पायावरून त्या पायावर भार घेऊ लागते. तिला तसं करू द्यायचं नसतं, कारण पोटऱ्या हलल्या की त्या रक्त वर ढकलतात आणि आकडा खाली येतो. सातव्या मिनिटाला ११८, दहाव्याला १२२. बीपी जागच्या जागी. चक्कर येते म्हणाली की लगेच आडवं करायचं, म्हणून चाचणी करताना शेजारी माणूस हवाच. दोन दिवसांनी सकाळच्या वेळी पुन्हा एकदा करून पाहिली की निदानाची दिशा पक्की होते. हीच बाई खुर्चीवर बसलेली असताना ईसीजी काढला असता, तर तो निर्मळ आला असता. आजवर तो तसाच येत गेला.

सगळ्यांना पॉट्सच असतो असं नाही, म्हणून आधी साध्या गोष्टी पाहाव्याच लागतात. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासल्याशिवाय धडधडीबद्दल बोलूच नये. दम्याच्या पंपानेही नाडी पळते. आणि काहींच्या हृदयात खरोखरच विजेची एक जादा वाट असते. तिथून ठोके एकाएकी दीडशे-दोनशेवर जातात आणि तसेच एकाएकी थांबतात. हा त्रास पकडायला होल्टर लावतात. छातीला चिकटवलेलं ते छोटं यंत्र २४ किंवा ४८ तास प्रत्येक ठोका टिपतं. धडधड पंधरा दिवसांतून एकदा होत असेल तर तेही पुरत नाही, मग जास्त दिवसांचं यंत्र लावावं लागतं. ‘होल्टर नॉर्मल आला’ म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा: ते लावलेलं असताना धडधड झाली होती का?

१९९७ मध्ये अमेरिकेत अशाच एकाएकी पळणाऱ्या हृदयाच्या १०७ पेशंटचा अभ्यास झाला. निम्म्याहून अधिकांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. निदान हुकलेल्यांपैकी ६५ टक्के बायकांना ‘घाबरता, ताण घेता’ असं सांगितलं गेलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. पॉट्सच्या ४,८३५ पेशंटची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या ९४ टक्के बायका होत्या आणि चारांपैकी तिघांच्या माथी आधी चुकीचं निदान, बहुतेक वेळा मानसिक आजाराचं, मारलं गेलं होतं. ही वागणूक लसीच्या आधीची आहे. लसीने तिला एक नवं निमित्त दिलं, एवढंच.

मनाचा संबंध नसतो असं मी म्हणत नाही. महिनोन्‌महिने हृदय असं पळत राहिलं तर कुणीही घाबरेल. ती भीती आजाराच्या मागून आलेली असते. तिला आजाराचं कारण ठरवलं, की तपास तिथेच थांबतो आणि हातात झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी पडते.

तक्रार नोंदवायची सोय आपल्याकडे आहे, पण ती या पेशंटसाठी बांधलेलीच नाही. लसीनंतरच्या त्रासांवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर असतात. मृत्यू, रुग्णालयात भरती, अपंगत्व यांचा त्या तपास करतात. घरी बसून चक्कर सोसणाऱ्याची तिथे फार तर संख्या होते. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात लसीकरणाची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. त्याच निकालात, लोकांना आणि खासगी डॉक्टरांनाही अशा त्रासाची नोंद थेट करता यावी आणि ती माहिती ओळख उघड न करता सर्वांना पाहता यावी, अशी सोय करायला सरकारला सांगितलं. आज पेशंटला स्वतः नोंद करायची असेल, तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची १८००-१८०-३०२४ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. बॅच नंबर कोविनच्या सर्टिफिकेटवर सापडेल. तो जवळ ठेवूनच फोन करावा.

नोंदी तपासल्या म्हणजे लसीवर ठपकाच येतो, असंही नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या एचपीव्ही लसीनंतर पॉट्स होतो, अशा तक्रारी डेन्मार्कमधून मोठ्या संख्येने आल्या. युरोपच्या औषध संस्थेने त्या सगळ्या चाळल्या आणि २०१५ मध्ये सांगितलं, की संबंध दिसत नाही. तपास झाला म्हणूनच ते उत्तर आज छातीठोकपणे देता येतं. जर्मनीत पुढे आरोग्यमंत्री झालेल्या कार्ल लाउटरबाख यांनी २०२१ मध्ये लसीला दुष्परिणामच नाहीत असं लिहिलं होतं. मार्च २०२३ मध्ये टीव्हीवर त्यांनी ते विधान अतिशयोक्त होतं हे कबूल केलं आणि त्रास झालेल्यांना मदत मिळायला हवी असं म्हटलं. तोवर मारबुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात अशा पेशंटसाठी वेगळी ओपीडी सुरू होऊन तिची प्रतीक्षायादी हजारोंवर गेली होती.

उपचार आहेत, आणि ते महागडे नाहीत. पाणी भरपूर, बीपी जास्त नसेल तर डॉक्टरांना विचारून मीठ वाढवायचं, पोटापर्यंत येणारे घट्ट स्टॉकिंग्ज, आडवं पडून किंवा बसून करायचा व्यायाम हळूहळू वाढवत न्यायचा; गरज पडली तर ठोके आवरणारी गोळी. विजेची जादा वाट असेल तर कॅथेटरने ती जाळून टाकता येते आणि बहुतेकांचा त्रास कायमचा संपतो. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, पळताना-खेळताना शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ओपीडीचा नंबर लावत बसू नये, थेट कॅज्युअल्टीत जावं.

कोविडच्या काळात आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांनी पोस्ट-कोविड ओपीडी काढून दाखवल्या होत्या. मेडिकल कॉलेजच्या प्रत्येक रुग्णालयात आठवड्यातली एक दुपार धडधड आणि चक्कर यांच्या पेशंटसाठी राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही. झोपून दहा मिनिटं, उभं राहून दहा मिनिटं, आकडे लिहिणारी एक सिस्टर आणि केसपेपरवर एक रकाना: त्रास कशानंतर सुरू झाला. कोविडनंतर, लसीनंतर, बाळंतपणानंतर, पेशंट जे सांगेल ते तसंच लिहून घ्यायचं.