घोडा, रंजक आणि बार : ठासणीच्या हत्यारांची परिभाषा

काळ्या दारूची ठासणीची हत्यारे बाळगणे व ती केवळ हौसेखातर उडवणे हा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. अशा नेमबाजांची राष्ट्रीय संघटना तेथे १९३३ साली स्थापन झाली. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने १८९८ अखेरपर्यंतची हत्यारे, तसेच तयार काडतूस न लागणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती, ‘पुरातन’ ठरवून सामान्य बंदुकांच्या नियमांतून वगळल्या. राज्यांचे कायदे मात्र निरनिराळे आहेत. भाषेच्या अभ्यासकाला या छंदाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. उत्तर असे की, आपले काही शब्द ज्या कृतींतून निघाले, त्या कृती आज मुख्यतः अशा हौशी लोकांच्या हातीच पाहावयास मिळतात.

कोल्टचे १८५१ चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर घेऊ. त्याचा घोडा अर्धा चढवला म्हणजे सहा घरांचे चक्र मोकळे फिरू लागते. प्रत्येक घरात मोजून दारू ओतावयाची, वर शिशाची गोळी ठेवावयाची आणि नळीखालच्या तरफेने ती आत ठासावयाची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते. ठासताना तिच्या कडेचे शिसे कातले जाऊन बारीक कडे बाहेर पडते. ते न पडल्यास गोळी सैल बसली असे समजावे. एका घराची ज्वाळा शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याचा धोका असतो, म्हणून गोळ्यांवर चरबीही फासतात. शेवटी मागील तोट्यांवर स्फोटक टोप्या बसवल्या की हत्यार सिद्ध झाले. ‘बार’ म्हणजे नुसती दारू नव्हे, नुसता आवाजही नव्हे. एका वेळची संपूर्ण भरणी होय, हे येथे हाताला कळते. ‘ठासून भरणे’ आणि ‘फुसका बार’ या प्रयोगांचा मूळ जोर त्यावाचून उमगत नाही.

याहून जुन्या बंदुकीत दारू दोन ठिकाणी असते : नळीत ठासलेली बाराची, आणि बाहेर कानाशी वाटीत ठेवलेली रंजक. तोड्याचा निखारा वा गारगोटीची ठिणगी प्रथम रंजक पेटवते; मग ज्वाळा कानातून आत जाते. पुष्कळदा रंजक भपकन जळते आणि आतला बार तसाच राहतो. इंग्रजीतील ‘फ्लॅश इन द पॅन’ हा वाक्प्रचार यावरूनच निघाला. जुन्या मराठी कागदात ‘रंजक’ शब्द आला असता टीपेत ‘बंदुकीची दारू’ एवढेच लिहिले, तर बंदूक उडाली की नुसती रंजक जळाली हा भेदच पुसला जातो. लढाईच्या वर्णनात तो क्षुल्लक खास नव्हे.

‘घोडा’ हे नाव तर तौलनिक अभ्यासाला मोठे उद्बोधक आहे. इंग्रजी व जर्मन भाषांत हाच भाग कोंबडा आहे. फ्रेंच, इटालियन व पोर्तुगीज भाषांत तो कुत्रा. झडप घालणारा अवयव प्रत्येकाला प्राण्यासारखा दिसला, प्राणी मात्र ज्याचा त्याचा. आज ‘घोडा दाबला’ असे आपण लिहितो तेव्हा वस्तुतः चाप अभिप्रेत असतो. नव्या पिस्तुलांपैकी पुष्कळांत घोडा आत दडला. त्यामुळे त्याचे नाव बोटाला लागणाऱ्या भागाकडे सरकले असावे, असा माझा तर्क आहे. ठासणीचे रिव्हॉल्व्हर हाताळणाऱ्याकडून हा घोटाळा होणे कठीण, कारण त्याला प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने चढवावा लागतो.

आपल्याकडे हे निरीक्षण अशक्य आहे असे नाही. १९५९ च्या शस्त्रकायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि कोकणात अशा बंदुका परिचयाच्या आहेत. तेथे ती हौस नसून शेतीचे अवजार आहे. बोलीतील शब्द गोळा करणाऱ्याने परवानाधारकापुढे शब्दांची यादी वाचू नये. बंदूक समोर ठेवून (ती रिकामी असल्याची खात्री करावी, हे सांगणे नलगे) एकेका भागाचे नाव विचारावे, आणि भरण्याची प्रत्येक कृती त्याच्याच क्रियापदांत टिपून घ्यावी.