गोचिडीची लाळ: मटणाशी वैर, जंतूंना रान मोकळं

रात्री मटण चापलं, चार तास सगळं आलबेल, आणि मध्यरात्री अंगभर गांधी, पोटात कळा, धाप! या ॲलर्जीचं मूळ ताटात नसतं, आधी कधीतरी चावून गेलेल्या गोचिडीत असतं.

छडा लागला तो कर्करोगाच्या औषधामुळे. सेटुक्सिमॅबच्या पहिल्याच डोसला अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतले काही रुग्ण जिवावरच्या ॲलर्जीने कोसळत. २००८ मध्ये कळलं, की औषधातल्या अल्फा-गॅल या साखरेविरुद्धची प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात आधीपासूनच होती. ही साखर गाय, डुक्कर, शेळी-मेंढीत असते, माणसात नसते. लोन स्टार या जातीच्या गोचिडीच्या लाळेतून ती त्वचेत शिरली, की शरीर तिला शत्रू मानू शकतं. यावर काम करणाऱ्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांना २००७ मध्ये डोंगर भटकताना गोचिडीची पिल्लं चावली, आणि काही महिन्यांनी मेंढीचं मटण खाल्ल्यावर त्यांच्याही अंगावर गांधी उठल्या! अमेरिकेत साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा त्रास असावा, असा २०२३ चा सरकारी अंदाज आहे. मासे-कोंबडी चालते, एवढाच दिलासा.

नवल हे, की ॲलर्जी पेटवणारी लाळ चावताना नेमकं उलटं वागते. रक्त गोठू देत नाही. काही जातींच्या लाळेतली प्रथिनं तर खाज आणणारं हिस्टामिनच पकडून ठेवतात. म्हणून गोचीड दिवसेंदिवस चिकटून राहिली तरी पत्ता लागत नाही.

याच लाळेचा फायदा गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाचा बोरेलिया जिवाणू उठवतो. लाळेतलं साल्प-१५ प्रथिन तो घोंगडीसारखं पांघरतो, मग प्रतिपिंडांना तो सापडत नाही.

सगळ्यात थरारक गोष्ट डीएई-२ ची. गोचिडीच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी हे जनुक जिवाणूंकडून उचललं. त्यातून बनणारं प्रथिन आपल्या त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस मारतं, कारण आपल्याला सहसा न सतावणारे हे जंतू गोचिडीच्या जिवावर उठतात. बोरेलियाला मात्र ते हात लावत नाही!

मग लाळेविरुद्धच लस काढली तर? येल विद्यापीठाने २०२१ मध्ये लाळेतल्या १९ प्रथिनांवरची एमआरएनए लस गिनीपिगना टोचली. चाव्याची जागा लालबुंद झाली, गोचिडी लवकर गळून पडल्या, बोरेलियाची लागणही टळली.

माणसांसाठी अशी लस येईपर्यंत गोचीड दिसली, की तेल किंवा पेटती काडी नको. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा आणि जागा साबणाने धुवा.