उलटे जोर आणि सात दिवाळी अंक

आमच्या मागच्या खोलीतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण साडेसहा फुटांवर, टाचांचे दोन काळपट डाग आहेत. घरी आलेला पाहुणा आधी ते डाग बघतो, मग छताकडे बघतो आणि मग माझ्याकडे. बायकोचं म्हणणं एवढंच, की पुढच्या रंगकामाचा खर्च तू करायचा. डाग माझेच आहेत. भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहायचं, कोपरं वाकवत डोकं जमिनीला टेकवायचं आणि पुन्हा हात सरळ करायचे. जिममधली मुलं याला हँडस्टँड पुश-अप म्हणतात. लहानपणी आमच्या व्यायामशाळेत याला सरळ 'उलटे जोर' म्हणत आणि ते काढणारी दोनच मुलं होती. मी त्यांतला नव्हतो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी हे पुन्हा डोक्यात आलं तेव्हा भरवसा होता तो साध्या जोरांचा. सलग तीस जोर निघत होते, म्हणजे उलटे दोन-चार तरी निघतील असा हिशेब. भिंतीशी हात टेकले, एक पाय झटकला, दुसरा त्याच्यामागे गेला, टाचा भिंतीला लागल्या. इथवर ठीक. कोपरं जेमतेम वाकली असतील नसतील, अन् पोतं टाकावं तसा डोक्यावर आलो. खाली सतरंजीची चौपदरी घडी होती म्हणून मानेचं निभावलं.

हिशेब कुठे चुकला, ते बाथरूममधल्या वजनकाट्यानं सांगितलं. माझं वजन ७२ किलो. काट्यावर दोन्ही हात ठेवून जोराच्या पवित्र्यात आलो तर आकडा ४७ च्या आसपास थांबला. बाकीचं ओझं पाय वाहतात. पाय खुर्चीवर ठेवले तर आकडा चढून त्रेपन्न-चोपन्नपर्यंत जातो. पाय थेट भिंतीवर गेले की हात आणि मनगटांपुरतं सोडून जवळपास सगळा देह हातांवर, म्हणजे अडुसष्ट-एकोणसत्तर किलो. जोरांची संख्या तिसाची चाळीस केल्यानं ही मधली दरी बुजत नाही. तिसाव्या जोराला दम संपलेला असतो. पहिल्या उलट्या जोराला ताकद कमी पडते. दोन वेगळी दुखणी आहेत.

शिवाय दिशा वेगळी. साध्या जोरात आपण छातीसमोर ढकलतो. तिथे छातीचा रुंद स्नायू मुख्य आणि खांदा मदतनीस. उलटं झालं की ढकलायचं डोक्याच्या वर. आता खांद्यावरची डेल्टॉइडची टोपी, विशेषतः तिचा पुढचा आणि मधला भाग, आणि दंडामागचा ट्रायसेप्स हे मालक होतात. छाती बाजूला बसते.

या सगळ्यात ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो म्हणजे फरा, पाठीवरचं खांद्याचं पातं. खांद्याचा सांधा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा आहे आणि या मोकळेपणाची किंमत तो स्थैर्यात मोजतो. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा, तो बसतो ती वाटी उथळ. जणू बशीत ठेवलेलं लिंबू. ते जागेवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात. 'रोटेटर कफ' म्हणतात तो हाच चौघांचा जथा. आणि ती वाटी फऱ्यावरच आहे. हात बाजूनं उचलून पूर्ण डोक्यावर नेला तर १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातला साधारण १२० अंशांचा भाग सांध्यात घडतो आणि उरलेले ६० फरा फिरून देतो. फरा फिरलाच नाही तर हाडाचा माथा वरच्या हाडाच्या कमानीखाली मधल्या स्नायूला चेमटतो. हात खांद्याच्या उंचीवर नेताना 'इथे दुखतं' म्हणणाऱ्या कित्येकांचं मूळ दुखणं असं पाठीवर असतं.

फऱ्याला फिरवणाऱ्यांत एक स्नायू मला फार आवडतो: सेरेटस अँटिरियर. वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून करवतीच्या दात्यांसारखा निघतो आणि काखेखालून जाऊन फऱ्याच्या आतल्या कडेला धरतो. बाकावर उताणं झोपून बेंच प्रेस करताना फरे पाठ आणि बाकाच्या मध्ये दाबून ठेवलेले असतात, त्यामुळे या बिचाऱ्याला फारसं काम उरत नाही. हातांवर उभं राहिलं की फरे मोकळे सुटतात आणि सेरेटसला, मानेकडून उतरणाऱ्या ट्रॅपेझियसला सोबत घेऊन, देहाचा सगळा भार वर ढकलत राहावं लागतं. म्हणून इथे जिममधली एक पक्की शिकवण उलटी करावी लागते. एरवी ट्रेनर 'खांदे खाली, खांदे खाली' असं ओरडत असतो. उलट्या जोरात, हात सरळ झाल्यावर, खांदे कानांकडे ढकलायचे. जमीनच आपल्यापासून लांब लोटतोय असं. तसं केल्यावर पहिल्यांदाच मला काखेच्या खाली, बरगड्यांवर, दुसऱ्या दिवशी दुखलं. तिथे स्नायू आहे हे तोवर माहीत नव्हतं.

डोक्यावर ढकलायची सवय आपल्यातून एवढी का गेली, याचं एक कारण ऑलिंपिकच्या इतिहासात सापडतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत वेटलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार होते; त्यात 'प्रेस' म्हणजे छातीपासून वजन फक्त हातांच्या जोरावर डोक्यावर नेणं. लिफ्टर कमरेतून इतके मागे झुकायला लागले की किती झुकणं चालवून घ्यायचं यावर पंचांचं एकमत होईना. शेवटी तो प्रकारच काढून टाकला. पुढे जिममध्ये 'किती मारतोस?' हा प्रश्न बाकावर झोपून मारलेल्या वजनापुरता उरला. आपल्या तालमीत निदान मुदगल आणि करेल फिरवताना खांदा चहूबाजूंनी हिंडायचा. आता तो मोबाइलवर वाकून बसलेला असतो आणि संध्याकाळी तासभर बाकावर झोपतो.

हातांवर उभं राहणं आपल्याकडे नवं नाही. योगात ते अधोमुख वृक्षासन, आणि पुण्यात घडलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ सालच्या 'लाइट ऑन योगा'त ते आहेच. पण तिथे कोपरं सरळ ठेवून स्थिर राहायचं असतं. कोपरं वाकवली की आसनाचा जोर होतो.

तर मुद्दा असा की वर ढकलता येत नसेल तर करायचं काय? बहुतेक जण वर ढकलण्याचाच धोशा लावतात आणि महिनाभरात सोडून देतात. माझं मत असं, की उलटा जोर वर जाताना कमावला जात नाही, खाली येताना कमावला जातो. भरलेला सिलिंडर खांद्यावर चढवणं ज्याला जमत नाही, तोही खांद्यावरचा सिलिंडर सावकाश उतरवून ठेवू शकतो. स्नायू आखडताना जेवढं ओझं पेलतो त्याहून बरंच जास्त तो लांबत असताना, ब्रेक लावल्यासारखा, पेलतो. तेव्हा ज्या दिवशी एकही उलटा जोर निघत नाही त्या दिवशीही उलटी उतरणी मात्र घेता येते.

फक्त उतरायचं किती? पूर्ण खाली जायला गेलं की शेवटच्या टप्प्यात ब्रेक सुटतो आणि डोकं आपटतं. इथे माळ्यावरचे दिवाळी अंक कामाला आले. जाडजूड सात अंक एकावर एक ठेवले की चारेक इंचांची चळत होते. त्यावर टॉवेलची घडी, आणि भिंतीशी दोन हातांच्या मध्ये, जरा पुढे, हा पाट मांडायचा. डोकं जमिनीपर्यंत न्यायचंच नाही, अंकांवर टेकवायचं. पहिल्या दिवशी गुळगुळीत मुखपृष्ठं एकमेकांवरून घसरली आणि चळतीचा जिना झाला. तेव्हापासून सुतळीनं करकचून बांधतो. वर जायचं ते पाय झटकून, उतरायचं पाच आकडे मोजत, डोकं अलगद टेकलं की एकेक पाय खाली. एका वेळी पाच उतरण्या, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा. पाचही वेळा पाचवा आकडा शांतपणे म्हणता आला की एक अंक काढायचा. घाई नको याला कारण आहे. स्नायू आठवड्यांत दाद देतात, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा महिने घेतात. उतरण्यांनी अंगही जास्त आंबतं, आणि ते दुसऱ्या दिवशी नाही तर तिसऱ्या दिवशी कळतं. दंडामागचं दुखणं असं, की शर्ट डोक्यातून काढताना मुलाला हाक मारावी लागली होती.

यालाही आधीची एक पायरी आहे, ती गाळू नये. कंबर वर, हात-पाय जमिनीवर, उलटा 'व्ही' करून डोकं हातांच्या पुढे टेकवत काढलेले जोर. मग तेच पाय खुर्चीवर ठेवून. आणि भिंतीला नुसतं उभं राहणं, अर्धा मिनिट, मग एक मिनिट. नुसतं उभं राहता येत नसताना वाकायला जाणं म्हणजे क्लच न शिकता घाटात गाडी घालणं.

हातांच्या जागेचं मात्र सांगायलाच हवं, कारण माझे दोन महिने त्यात गेले. मी दोन्ही हात आणि डोकं एका सरळ रेषेत टेकवत होतो. तसं केलं की कोपरं बाहेर फाकतात आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचायला लागतं. हात आणि डोकं यांचा त्रिकोण हवा, डोकं त्याचं पुढचं टोक. तेव्हा मनगटाच्या बरोबर वर कोपर येतं आणि कोपरं तिरकी मागे राहतात. भिंतीकडे पाठ करून हे जमतं, पण कमरेत केळं होतं. भिंतीकडे तोंड करून, पायांनी भिंत चढत गेलं तर देह सरळ राहतो, मेहनत दुप्पट होते आणि सुटका अवघड. एका अंगावर चक्र घेऊन बाहेर पडता येत नसेल तोवर ते नकोच.

आणि हो, इतकं करूनही डोकं जमिनीला लागलेला उलटा जोर अर्धाच असतो. डोकं टेकतं तेव्हा हात कानांशी असतात. बार घेऊन प्रेस मारणारा गळ्याच्या हाडापासून सुरू करतो, म्हणजे निदान वीतभर खालून, आणि सगळ्यात कठीण वीत तीच. म्हणून तयारीची माणसं हातांखाली विटा किंवा बुटके स्टँड घेतात आणि डोकं हातांच्या खाली नेतात. क्रॉसफिटमध्ये दुसरा मार्ग आहे. तिथे 'डायॅन' नावाचा एक ठरलेला प्रकार असतो: २२५ पौंडांची, म्हणजे १०२ किलोंची डेडलिफ्ट आणि उलटे जोर, आधी एकवीस, मग पंधरा, मग नऊ, घड्याळ लावून. घड्याळ आलं की गुडघे पोटाशी घ्यायचे, पाय फाडकन वर फेकायचे आणि त्या झोक्यावर हात सरळ करायचे. स्पर्धेत ते कौशल्य म्हणून शोभतं. खांदा कमवायला निघालेल्यानं ते करू नये. वरचं अर्धं काम पाय करतात आणि खाली येताना डोक्यावर आदळणं आलंच.

काही जणांनी तर भिंतीकडे वळूच नये. काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर अजिबात नाही. शीर्षासनात डोळ्यातला दाब सुमारे दुप्पट होतो असं तपासण्यांत आढळलं आहे, आणि डोकं खाली असणं इथेही तेच. वाढलेला रक्तदाब, मानेच्या मणक्याचा त्रास, हात मागे न जाणारा आखडलेला खांदा (मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो) यांपैकी काही असेल त्यांनी आधी डॉक्टरकडे जावं. बाकीच्यांसाठी एक घरगुती कसोटी: पाठ, डोकं, कंबर भिंतीला चिकटवून उभं राहा आणि दोन्ही हात सरळ वर नेऊन अंगठे भिंतीला लावून बघा. कंबर भिंतीपासून सुटल्याशिवाय अंगठे लागत नसतील तर आधी ते सैल करायचं काम आहे. मनगटांनाही रोज थोडं वाकवून तयार करावं लागतं, नव्वद अंशांत एवढा भार त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

सात अंकांपासून सुरुवात झाली त्याला आता आठ महिने होतील. मधे एकदा सर्दीनं डोकं जड झालं म्हणून तीन आठवडे बंद होतं आणि त्यानंतर एक काढलेला अंक निमूटपणे परत घालावा लागला. सध्या चळतीत दोन उरलेत. त्या उंचीवरून, परवाच्या रविवारी, पहिल्यांदा वर ढकललं गेलं. एकच. घशातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खोलीतून 'काय पडलं?' असं विचारलं गेलं. सुटलेल्या अंकांपैकी एकातली कथा वाचायची राहिली होती, ती त्या संध्याकाळी वाचली. शेवटची दोन पानं सुतळीनं दुमडली होती, पण वाचता आली.